ऐंशीच्या खाली जायच्या आत: लंडनच्या फ्लॅटची लीज कोथरूडातून वाढवली ती गोष्ट

ऑक्टोबर २०२३ मध्ये आमचा लंडनचा भाडेकरू सोडून जाणार म्हणाला तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं की आता हा फ्लॅट विकून टाकू, पुण्यात बसून तिथला गळका नळ अजून किती वर्षं सांभाळायचा. हॅरोला आहे, एक बेडरूमचा, २००५ ची बिल्डिंग. आम्ही २००८ ला घेतला, तेव्हा नवरा तिथे प्रोजेक्टवर होता आणि मीही तिथेच नोकरी करत होते. २०१५ ला कायमचे परत आलो, २०१९ ला लोन फिटलं, त्यामुळे आमच्या डोक्यात फ्लॅट आमचा, विषय संपला.

तिकडच्या एजंटला फोन लावला तर त्याचा पहिलाच प्रश्न, लीज किती उरलीये? मी बिनधास्त सांगितलं, नव्व्याण्णव वर्षं. तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला की ती सुरुवातीला होती, आज किती आहे ते बघून सांगा.

बघितलं. लँड रजिस्ट्रीच्या साइटवरून तीन पाउंडात टायटलचा उतारा मिळायचा तेव्हा, आपल्या सातबारासारखाच समजा. त्यात लिहिलं होतं, २४ जून २००५ पासून ९९ वर्षं. म्हणजे २३ जून २१०४ ला संपणार. म्हणजे हातात ८० वर्षं आणि आठ महिने. मला वाटलं ठीके की, ८० वर्षं म्हणजे आमच्या नातवंडांचं पण भागेल. (ही २४ जून काय भानगड आहे तर इंग्लंडात भाडी आणि करार वर्षाच्या चार ठरलेल्या दिवसांना धरून करायची जुनी पद्धत आहे, त्यातला हा एक. आपल्याकडे सालगडी गुढीपाडव्याला ठरतो तसंच.)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंड-वेल्समध्ये फ्लॅट म्हटला की तो बहुतेक वेळा लीजहोल्डच असतो. जमीन आणि बिल्डिंग फ्रीहोल्डरची, तुम्ही घेतलेली असतात ती फक्त वर्षं. त्याला वर्षाला ग्राउंड रेंट म्हणजे जमिनीचं भाडं द्यायचं, शिवाय मेंटेनन्ससाठी सर्व्हिस चार्ज, आणि वर्षं संपली की कायद्याने काही केलं नसेल तर फ्लॅट त्याच्याकडे परत. इथे बिल्डर कन्व्हेयन्स करून देत नाही म्हणून सोसायट्या बोंबलतात, तिथे कन्व्हेयन्स नसणं हाच नियम आहे. माझा चुलत दीर निगडी प्राधिकरणात राहतो, त्याचीही ९९ वर्षांचीच लीज, तो म्हणाला वहिनी कशाला टेन्शन घेता, आमच्याकडे कोण विचारतं. पण तिकडे विचारतात. गिऱ्हाईक विचारतं, त्याचा वकील विचारतो आणि सगळ्यात जास्त त्याची बँक विचारते, लीज जसजशी कमी होते तसतसं त्या फ्लॅटवर लोन द्यायला बँका नाखूश होत जातात.

आणि त्यात ८० हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा आहे. कारण मॅरेज व्हॅल्यू. हा शब्द मी पहिल्यांदा घरात उच्चारला तेव्हा सासऱ्यांनी पेपर खाली ठेवून विचारलं, कुणाचं लग्न? तर लीज वाढवली की फ्लॅटची किंमत वाढते, आणि फ्रीहोल्डरचे आणि आपले हक्क एकत्र आल्यामुळे जो फायदा झाला त्याचा अर्धा वाटा त्याला द्यायचा, असा लीज वाढवून मागायचा हक्क देणाऱ्या १९९३ च्या कायद्याचा हिशोब. पण मुदतवाढ मागायची नोटीस दिली त्या दिवशी लीज ८० वर्षांपेक्षा जास्त शिल्लक असेल तर हा वाटा शून्य. एक दिवस जरी जास्त असेल तरी शून्य. ८० च्या खाली गेलात की सुरू. आमची ८० ला टेकणार होती जून २०२४ मध्ये, म्हणजे आठ महिने हातात.

आता खरी गंमत अशी की नेमका तेव्हाच तिकडे कायदा बदलायचं चाललं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये संसदेत सरकारचे बेत सांगणाऱ्या राजाच्या भाषणात घोषणा झाली, त्याच महिन्यात बिल आलं, मॅरेज व्हॅल्यू रद्द, मुदतवाढ कायद्याने मिळणाऱ्या ९० ऐवजी थेट ९९० वर्षांची. तिकडचे जुने मित्र सगळे म्हणायला लागले थांबा थांबा, फुकटात पडेल. नवरा पण थांबायच्या बाजूने. त्याचं म्हणणं बरोबर वाटत होतं, कायदा आला तर आपण मूर्ख ठरू. माझं म्हणणं वेगळं होतं की कायदा पास होणं आणि लागू होणं यात किती अंतर असतं ते आपण भारतीयांनी तरी विसरू नये. आणि समजा नाहीच आला, तर २४ जूननंतर आपण रेषेच्या पलीकडे. तीन आठवडे घरात हाच वाद, जेवताना, गाडीत, एकदा तर चतुःशृंगीच्या पायऱ्यांवर.

निकाल लावला बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी. त्यांना यातलं लीज-बीज काही कळत नव्हतं, पण मालक आणि भाडेकरू हा विषय त्यांचा. लहानपण सगळं नारायण पेठेतल्या वाड्यात, दोन खोल्यांत, भाडेकरू म्हणून. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, वाड्यात पाणी शिरलं आणि ट्रंकेतल्या भाडेपावत्या गेल्या. मालकाने नंतर म्हणायला सुरुवात केली की तुमचं भाडं थकलंय, दाखवा पावत्या. पुढची कितीतरी वर्षं बाबांचे वडील भाडं हातात न देता मनीऑर्डरने पाठवायचे, मालक घ्यायचा नाही, परत यायची, आणि ती परत आलेली पोच जपून ठेवायचे कारण कोर्टात तीच उपयोगी पडणार. तर बाबा म्हणाले, मालकाशी भांडताना उद्याच्या कायद्यावर भरवसा ठेवू नका, आज हातात जो कागद आहे त्यावर तारीख घालून घ्या. झालं. ठरलं.

मग कामाला लागलो. पहिलं पाऊल आम्ही चुकीचंच टाकलं, सरळ फ्रीहोल्डरच्या मॅनेजिंग एजंटला मेल केली की आम्हाला लीज वाढवायचीये, काय प्रोसिजर. (मूळ बिल्डरने फ्रीहोल्ड कधीच विकलं होतं, आता ते एका कंपनीकडे आहे, जिचा धंदाच असे ग्राउंड रेंट गोळा करण्याचा.) त्यांची ऑफर चार दिवसांत आली, छान पीडीएफ: लीज १२५ वर्षांपर्यंत नेऊ, साडेसहा हजार पाउंड, आणि सध्याच्या मुदतीचा ग्राउंड रेंट आहे तसा. साडेसहा हजार म्हणजे तेव्हाचे सात लाख रुपये, स्वस्त वाटलं, नवरा म्हणाला देऊन टाकू. नशीब की खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मी कागदावर मांडून बघितलं. आमचा ग्राउंड रेंट पहिली ३३ वर्षं १५० पाउंड, पुढची ३३ वर्षं ३००, शेवटची ३३ वर्षं ४५०. उरलेल्या ८० वर्षांचं एकूण होतं जवळपास २७ हजार पाउंड. ते सगळं तसंच चालू राहणार होतं. शिवाय कायद्याच्या रस्त्याने गेलं तर वर्षं मिळतात जुन्या लीजवर अधिक ९०, म्हणजे आमची १७०, आणि ग्राउंड रेंट पहिल्या दिवसापासून शून्य. स्वस्त ऑफर कोणाला स्वस्त होती ते कळलं.

कायद्याने शून्य म्हणजे लीजमध्ये लिहितात ‘पेपरकॉर्न’, वर्षाला मिरीचा एक दाणा, तोही मागितला तर. बाबांना हे इतकं आवडलं की पुढचे आठ दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, आमच्या मलबारची मिरी नेली आणि आता तीच भाडं म्हणून मागतायत.

तर कायद्याचा रस्ता. त्यासाठी दोन माणसं लागतात, एक व्हॅल्युअर (किंमत काढणारा) आणि एक सॉलिसिटर (तिकडचा वकील), आणि दोघंही लीज एक्स्टेन्शनच नेहमी करणारे हवेत, घरं विकून देणारा साधा वकील चालत नाही, नोटिशीत बारीक चूक झाली की अख्खी नोटीस बाद होऊ शकते आणि दिलेली नोटीस मागे घेतली किंवा घेतली असं धरलं गेलं तर १२ महिने दुसरी देता येत नाही. आम्हाला १२ महिने परवडणारच नव्हते. सुरुवातीची माहिती मी तिकडच्या लीजहोल्ड अॅडव्हायझरी सर्व्हिसच्या साइटवरून वाचली, सरकारी पैशावर चालते, फुकट आहे, आणि अंदाज काढायला कॅल्क्युलेटरही आहे त्यावर.

व्हॅल्युअर बाई जानेवारीत फ्लॅट बघून आल्या. त्यांचा रिपोर्ट मी तीनदा वाचला तेव्हा कळला, पण कळल्यावर मजा वाटली. किंमत दोन गोष्टींची. एक, फ्रीहोल्डरला पुढच्या ८० वर्षांत मिळणारा ग्राउंड रेंट आता बुडणार, त्याची आजची किंमत. दोन, ८० वर्षांनी त्याला जो फ्लॅट परत मिळणार होता तो आता १७० वर्षांनी मिळणार, त्या वाट बघण्याची आजची किंमत. हे दुसरं काढताना ५ टक्के दर लावतात, स्पोर्टेली नावाच्या एका केसपासून फ्लॅटसाठी तोच दर धरला जातो. तीन लाख पाउंडाचा फ्लॅट ८० वर्षांनी मिळणार असेल तर ५ टक्क्यांनी त्याची आजची किंमत सहा हजारांच्या आसपास येते, पन्नासावा हिस्सा! चक्रवाढ व्याज उलटं चालवलं की काय होतं ते शाळेत शिकवताना हे उदाहरण द्यायला हवं. ग्राउंड रेंटचे साधारण ३,७०० धरून एकूण त्यांचा अंदाज ९,७०० पाउंड. आणि मग एक ओळ: २४ जूननंतर गेलात तर मॅरेज व्हॅल्यूपोटी वर आणखी सात ते दहा हजार. त्या ओळीनंतर नवऱ्यानेही थांबायचा विषय काढला नाही. म्हणजे मे महिन्यापर्यंत काढला नाही.

मग सेक्शन ४२ ची, म्हणजे मुदतवाढ मागायची ती नोटीस. नाव साधं आहे, ‘टेनंट्स नोटीस’, आणि त्यात आम्ही टेनंट. मला हे जरा लागलं. त्याच फ्लॅटमध्ये नवीन भाडेकरू आला होता तोपर्यंत (विकायचं पुढे ढकललं, नोटीस चालू असताना विकायचं तर नोटीसही नव्या मालकाच्या नावे करून द्यावी लागते, डोक्याला ताप), त्याच्या अॅग्रीमेंटवर आम्ही लँडलॉर्ड, आणि या कागदावर आम्हीच टेनंट. बाबा म्हणाले, त्यात काय, वाड्यात पोटभाडेकरू असायचेच.

नोटिशीत आपली किंमत लिहावी लागते. अगदी एक पाउंड लिहून चालत नाही, ती खरीखुरी वाटेल अशी हवी, म्हणून ८,९०० लिहिली. समोरच्याने उत्तर कधीपर्यंत द्यायचं ती तारीखही आपणच टाकायची, कमीत कमी दोन महिने पुढची, आम्ही २१ जून टाकली. तेव्हा अजून एक अट होती, दोन वर्षं फ्लॅट तुमच्या नावावर हवा, ती आम्हाला अडली नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये ती अटच गेली, आता फ्लॅट घेतला की लगेच नोटीस देता येते.

सॉलिसिटरने विचारलं, मार्चमध्ये पाठवू का एप्रिलमध्ये? मी म्हणलं उद्या. प्रत्यक्षात एका पत्त्याच्या घोळात एप्रिल उजाडला. घोळ असा की फ्रीहोल्डरचा टायटलवरचा पत्ता वेगळा आणि ग्राउंड रेंटच्या बिलावरचा वेगळा, मग दोन्हीकडे पाठवली, सही घेणाऱ्या पोस्टाने. १६ एप्रिल २०२४ ला दोन्हीकडे पोचली. पोस्टाच्या ट्रॅकिंगचं पान मला मेलने आलं, मी त्याचं प्रिंट काढून बाबांना दिलं, त्यांनी ते त्यांच्या वाड्याच्या फायलीत लावलं. शिल्लक लीज त्या दिवशी ८० वर्षं दोन महिने आठ दिवस. आणि एकदा नोटीस पोचली की किंमत त्या दिवशीची धरली जाते, नंतर वाटाघाटीला वर्ष लागो की दोन, घड्याळ तिथेच थांबलेलं. हे मला सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग मे. २२ तारखेला तिकडे अचानक निवडणूक जाहीर झाली, आम्हाला वाटलं बिल गेलं बाराच्या भावात, तर शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी ते घाईघाईत पास केलं, २४ मे २०२४. त्या रात्री नवऱ्याने मला फोनवर बातमी दाखवली आणि काही बोलला नाही, ते न बोलणं फार वाईट असतं. मीही रात्रभर जागी. सकाळी सॉलिसिटरला मेल टाकली, उत्तर नेहमीसारखं आपल्या रात्री साडेनऊला: कायदा झालाय पण ही कलमं लागू केलेली नाहीत, लागू करायला वेगळे नियम लागतील, तारीख कोणीही दिलेली नाही. तारीख कोणीही दिलेली नाही हे वाचून मला झोप लागली. त्यानंतर एक जून गेला, दुसरा जून गेला, मॅरेज व्हॅल्यू होती तिथेच.

दरम्यान समोरच्यांनी डिपॉझिट मागितलं, आपण लिहिलेल्या किमतीच्या १० टक्के किंवा २५० पाउंड, जे जास्त असेल ते, म्हणजे ८९०, चौदा दिवसांत. मग त्यांचा व्हॅल्युअर फ्लॅट बघायला येणार. भाडेकरू मुलगा चांगला होता, घरून काम करायचा, त्याने उघडून दिलं. फक्त मला रात्री मेसेज केला की ते विचारत होते किचन कोणी नवीन केलं. केलं आम्हीच, २०१२ ला. हे विचारायचं कारण नंतर कळलं, आपण स्वखर्चाने केलेल्या सुधारणांमुळे वाढलेली किंमत हिशोबातून वगळायची असते, म्हणून जुन्या किचनची बिलं शोधा. मी बाबांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. बिलं सापडली, एका बिस्किटाच्या डब्यात, माझं लग्नातलं मंगळसूत्राचं बिलही त्यातच होतं.

१९ जूनला काउंटर नोटीस, म्हणजे फ्रीहोल्डरचं उत्तर आलं. तुमचा हक्क मान्य आहे, पण किंमत १७,५०० पाउंड. आमच्या दुप्पट. मला धक्का, व्हॅल्युअर बाईंना काहीच नाही, म्हणाल्या उत्तर आलं हेच चांगलं. (खरं तर आलं नसतं तर आमचं भलं झालं असतं, वेळेत काउंटर नोटीस दिली नाही तर कोर्टात जाऊन आपण लिहिलेल्या अटींवरच लीज मागता येते. पण असे गाफील मालक क्वचित.) काही फरक यातून की त्यांनी फ्लॅट ३ लाख ४५ हजारांचा धरला होता आणि ग्राउंड रेंटला ५ टक्के लावले होते, आमच्या बाईंनी ६. इथे दर कमी धरला की किंमत वाढते, हे माझ्या डोक्यात शिरायला एक अख्खा रविवार गेला.

पुढचे पाच महिने सांगण्यासारखं काही नाही. एक मेल यायची, तीन आठवडे शांतता, ‘मी सुट्टीवर आहे’ असं आपोआप येणारं उत्तर, परत मेल. १७ चे १५, आमचे ८.९ चे ९.५. मंडईत भाजीवाल्याशी घासाघीस करायला जेवढी मजा येते तेवढी यात अजिबात नाही कारण दोन्हीकडची माणसं तासावर पैसे घेतात.

फक्त एक तारीख डोळ्यात तेल घालून सांभाळायची होती. काउंटर नोटीस मिळाल्यावर दोन महिन्यांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) अर्ज गेला पाहिजे, नाहीतर नोटीस मागे घेतली असं धरतात, आणि मग सगळं मुसळ केरात, वर्षभर थांबा आणि ८० च्या खालच्या दराने परत सुरू करा. समोरचे नोव्हेंबरमध्ये एकदम गोड झाले, जवळ आलोय आपण, अर्जाची काय घाई. आमच्या सॉलिसिटरने ३ डिसेंबरला अर्ज टाकून दिला. अर्ज टाकला म्हणजे सुनावणी होतेच असं नाही, बहुतेक त्याआधीच मिटतं. आमचंही जानेवारीच्या शेवटी मिटलं, १०,८०० पाउंडला. अंदाजापेक्षा ११०० जास्त. व्हॅल्युअर बाई म्हणाल्या अजून ताणलं तर चारपाचशे कमी होतील पण माझीच फी तेवढी होईल. असं स्वतःहून सांगणारं माणूस विरळा.

खर्चाचं सांगते कारण आम्हाला कोणी नीट सांगितलं नव्हतं. समोरच्याचा वकील आणि व्हॅल्युअर यांची वाजवी फीही आपणच द्यायची असते, सेक्शन ६०. पण कशाची? हक्क तपासण्याची, मूल्यांकनाची आणि नवीन लीज करण्याची. घासाघिशीची नाही, ट्रायब्युनलची नाही. त्यांच्या बिलात घासाघिशीचे तास घातले होते, आमच्या सॉलिसिटरने ते कापले. कापून २,८८० उरले, आमच्या दोघांची फी ३,३६०, दोन्ही २० टक्के व्हॅट धरून. सगळं मिळून १७ हजार पाउंडांच्या थोडं वर, म्हणजे अठरा लाखांच्या आसपास. स्टॅम्प ड्यूटी लागली नाही, ४० हजार पाउंडाच्या आतलं होतं.

बरेचसे पैसे तिकडच्या खात्यात भाड्याचे साठलेले होते, कमी पडले ते पाच लाख इथून पाठवले. बँकेतल्या मुलीने परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म दिला आणि विचारलं, मॅडम पर्पज काय? मी म्हणलं लीज वाढवणे. तिच्या यादीत तसं काही नव्हतं. प्रॉपर्टी खरेदी? म्हणलं खरेदी नाही, फ्लॅट आमचाच आहे. मग पैसे कशाचे? वर्षांचे. ती बिचारी मॅनेजरकडे गेली. शेवटी नवीन लीजचा मसुदा दाखवून स्थावर मालमत्तेत बसवलं. तेव्हा वर्षाला सात लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो टॅक्स) नव्हता (एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० लाख झाली), म्हणून पाचावर भागवलं. आणि आपण भारतात रेसिडेंट असू तर हा फ्लॅट, तिकडचं खातं, सगळं दरवर्षी इन्कम टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल एफए मध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) दाखवावं लागतं, ते करत नसाल तर आधी ते करा.

सह्यांचा किस्सा राहिला. ओळख पटवायला पासपोर्टच्या प्रतींवर वकील किंवा नोटरीचा शिक्का हवा होता, ठरलेल्या इंग्रजी वाक्यासकट, की मूळ प्रत पाहिली आहे. शिवाजीनगर कोर्टाबाहेर नोटरी गाठला, त्याने नेहमीचा लाल शिक्का मारला, वाक्य लिहा म्हटलं तर म्हणाला शिक्क्यात सगळं आलं. नाही आलं हो. परत गेलो, यावेळी वाक्य टाइप करूनच नेलं, त्याखाली त्याने सही केली.

लीजवर आमच्या दोघांच्या सह्या, प्रत्येक सहीला साक्षीदार, तो समोर बसलेला हवा आणि घरचा नको. खालच्या मजल्यावरचे काका आले, रिटायर्ड बँक ऑफिसर, स्वतःचं पेन घेऊन. त्यांनी आधी सगळी लीज वाचली. खरंच वाचली, पंचवीस पानं, दोन चहा झाले, आणि सांगितलं की कलम चारमध्ये स्पेलिंग चुकलंय. मग सह्या झाल्या, आणि आम्ही तिघांनीही सहीखाली सवयीने तारीख घातली, काकांनी तर पहिल्या पानावर मोकळ्या सोडलेल्या जागेतही सुवाच्य अक्षरात घालून दिली. कुरिअर गेलं लंडनला. आठव्या दिवशी मेल, तारीख टाकू नका असं पत्रात ठळक लिहिलं होतं, ती तारीख दोन्ही बाजूंचे वकील व्यवहार पुरा होतो त्या दिवशी घालतात, पुन्हा करा. वर्षभर सगळ्यांना तारीख घाला, तारीख घाला म्हणत फिरले आणि जिथे घालायची नव्हती तिथे घातली. काका इतके ओशाळले की दुसऱ्या खेपेला सही करताना त्यांनी मला विचारलं, नाव तरी लिहू ना?

११ एप्रिल २०२५ ला व्यवहार पूर्ण झाला. नवीन लीज २३ जून २१९४ पर्यंत. जुनी सोडून दिली आणि नवीन घेतली असं कागदोपत्री होतं त्यामुळे टायटल नंबरही नवा. नोंदणीचा अर्ज गेला त्या दिवसापासूनच हक्क धरला जातो म्हणून पुढे घाई नव्हती, डिसेंबरात नवा उतारा आला. बाबांनी २१९४ मधून २०२५ वजा केले, १६९, म्हणाले १८५६ ला कोणी पुण्यात असा कागद केला असता तर तो आज संपत आला असता. तेव्हा पेशवाई जाऊन ३८ वर्षं झालेली, हेही त्यांनीच काढलं.

फ्लॅट अजून विकलेला नाही. भाडेकरू चांगला आहे आणि आता एजंटच मागे लागलाय. सर्व्हिस चार्ज जिथे होता तिथेच आहे, या वर्षी छताच्या कामाचा वेगळा हप्ता आलाय, लीज वाढवून त्यात काडीचाही फरक पडत नाही हे लक्षात असू द्या.

आणि जूनमध्ये मॅनेजिंग एजंटकडून नेहमीसारखं अर्ध्या वर्षाच्या ग्राउंड रेंटचं बिल आलं, ७५ पाउंड, चौदा दिवसांत भरा नाहीतर दंड. मी नवीन लीजचं ते मिरीवालं पान स्कॅन करून पाठवलं, एवढंच लिहिलं की कृपया पान सहा बघा. उत्तर अजून आलेलं नाही. त्या मेलचं प्रिंट बाबांनी मागून घेतलं, वर पाठवल्याची तारीख आणि वेळ नीट दिसतेय ना ते भिंगातून बघितलं, आणि पंच करून फायलीत लावलं, नारायण पेठेतल्या परत आलेल्या मनीऑर्डरींच्या वर.